सुध्यास, मीनूच्या लग्नावरून

सांगली
20 मे 2025

प्रिय सुध्या,

तब्येत बरी, साखर आटोक्यात, गोळ्या चालू. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच वकिली सुरू करतोस आणि मला हे एकदा सगळं सांगून टाकायचंय.

मीनूनं घरी एका मुलाबद्दल सांगितलं. पुण्यात तिच्याच ऑफिसात आहे, मूळ इचलकरंजीचा, आडनाव जाधव. जाधव म्हटल्यावर दादाची काय पंचाईत झाली असेल ते तुला कळेल. जाधव सगळ्या जातींत आहेत. ‘कुठले जाधव?’ असं मीनूला तोंडावर विचारायची त्याची छाती होईना, कारण वहिनीच्या भाच्याच्या वेळी मीनूनं घर डोक्यावर घेतलं होतं. मग रात्री जेवणं झाल्यावर पप्पूनं त्या मुलाचं इन्स्टाग्राम उघडलं आणि सगळे त्या मोबाईलभोवती कोंडाळं करून बसले.

14 एप्रिलला मित्रांबरोबर निळ्या झेंड्याखाली उभा. दादाचा चेहरा उतरला. पप्पूनं खाली सरकवलं, तर 6 जूनला रायगडावर, डोक्याला भगवा फेटा. दादाच्या जिवात जीव आला. आणखी खाली दिवेघाट, वारीत चाललेला. वहिनी म्हणाली, “घरात माळ असणार बघा.” त्याच्या खाली ईद, मित्राच्या घरी, हातात शीरखुर्म्याची वाटी. परत सगळे गप्प. आणि निकाल लागला तो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर. 7 मेपासून आमच्या अख्ख्या गल्लीनं ऑपरेशन सिंदूरचं ते काळं चित्र लावलंय, आणि ह्याच्या डीपीला मांजर. “देशाचं ज्याला एवढंही वाटत नाही, त्याच्या घरात पोरगी द्यायची?” दादानं विषय मिटवला.

मुलाला कुणी भेटलेलं नाही. आवाजसुद्धा ऐकलेला नाही.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. जन्म कुणी निवडत नाही, झेंडा निवडतो, मग झेंड्यावरून माणूस जोखला तर काय बिघडलं? हॉस्टेलवर हेच वाक्य तू टेबलावर थाप मारून म्हणायचास. मला ते आजही अर्धं पटतं. जो रोज उठून शेजाऱ्याला मारायची भाषा ग्रुपवर टाकतो, त्याच्याबद्दल मी माझं मत करून घेतो आणि त्याच्या घरी चहा पीत नाही. त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे. पण आमच्या घरात त्या रात्री मुलानं काय निवडलंय हे कुणी बघतच नव्हतं रे. आडनावातून जात निघेना म्हणून ती झेंड्यातून काढायची धडपड चालली होती. निळा म्हणजे अमके, पिवळा भंडारा म्हणजे तमके, आणि भगव्यात पुन्हा वारीचा कुठला नि मोर्चातला कुठला याची फोड. बाबासाहेबांच्या जयंतीला कुणीही जाऊ शकतो हे त्या खोलीत कुणाच्या मनातच आलं नाही. मला ह्याचाच संताप आहे, आणि चार दिवस झाले तरी तो उतरत नाही.

तुझं आठवतं का, 1990 चा ऑगस्ट? मंडल आयोगाच्या आरक्षणाची घोषणा झाली आणि माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघून तू ठरवून टाकलंस की हा विरुद्ध बाजूचा. मेसमध्ये पाठ करून बसायला लागलास. (माझ्या वाटणीचा तांबडा रस्सा मात्र पाठमोराच ओढून घ्यायचास, तिथं तुझं तत्त्व आड येत नव्हतं!) पण एका रात्री तू गच्चीवर आलास आणि सरळ विचारलंस, “मंडलबद्दल तुझं मत काय? माळेचं नको सांगू, तुझं सांग.” मग पहाटेपर्यंत भांडलो. काही मुद्द्यांवर अजून भांडतो. तुला विचारावंसं वाटलं म्हणून आपण आज एकमेकांना पत्रं लिहितोय. मीनूनं निवडलेल्या मुलाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

आणि हे फक्त आमच्या घरापुरतं नाही म्हणून जास्त भीती वाटते. 2023 च्या जूनमध्ये आपल्या कोल्हापुरात काय झालं? काही पोरांच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, इंटरनेट तोडलेलं. शाहू महाराजांचं कोल्हापूर! हातकणंगल्याच्या त्या काश्मिरी प्राध्यापकाचा खटलाही तूच मला समजावला होतास. कलम 370 हटवल्याचा दिवस काळा दिवस, आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा, एवढ्या स्टेटसवर गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला, मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केला. न्यायमूर्ती ओकसाहेबांच्या निकालातलं तू वाचून दाखवलेलं माझ्या डोक्यात राहिलंय: शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेनं तोलायचा, ज्याला जिथंतिथं धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या नजरेनं नाही. मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, कोर्टाला मुलगी द्यायची नसते.

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, तुला सुचलं तर कळव.

पप्पूनं आणखी एक शोध लावला, की तो मुलगा कुठल्याशा “तसल्या” ग्रुपात आहे. अरे, ग्रुपात कोण आपण होऊन जातं? 2019 पर्यंत तर नंबर असलेला कुणीही न विचारता आत ओढायचा, थांबवायची सोयही नव्हती. सोय आली तरी ती किती जणांनी लावली? दादा स्वतः ज्या ग्रुपांत आहे ते कुणी मोजले तर त्याला मुलगा असता तर स्थळ मिळालं नसतं, असं मी म्हणालो. वहिनी हसली. दादा उठून गेला.

मीनूनं परवापासून स्वतःचा डीपी काढून टाकलाय. नुसती करडी आकृती. आत्यानं लगेच फोन करून विचारलं, “काही बिनसलंय का गं?” त्या रिकाम्या जागेचासुद्धा अर्थ लावतात लोक. मीनू माझ्याशी बोलते, बापाशी नाही. “काका, तू तरी त्याला भेट,” एवढंच म्हणाली.

तर रविवारी मी पुण्याला जातोय. दादाला सांगून जातोय, लपवून नाही. मुलाला मी जात विचारणार नाही. घरी कोण कोण आहे, कर्ज किती आहे, राग आला की काय करतो, मीनूची नोकरी बदलीवर बंगळुरूला गेली तर काय करणार, हे विचारणार आहे. मांजराचं नावही. तूही ये. नाशिकहून सकाळची गाडी धर. तू उलटतपासणी केलीस की माणूस खरं बोलतो हे मी अनुभवलंय.

तुझ्या द्राक्षांचं काय झालं, अवकाळीत सापडली का? वहिनींचा गुडघा? सईच्या सीएच्या निकालाचं कळव, पेढे मी आणतो.

येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत सांग, तुझ्यासाठी राहायची सोय करायची आहे.

तुझा,
अव्या