अजिंठ्याचे जहाज अजिंठ्यात विकत का मिळू नये?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी सिल्लोडचा शिंपी. दुकानात कापडाच्या थानांच्या वर एक फळी आहे, तिच्यावर शिडाच्या जहाजांच्या सात लाकडी प्रतिकृती मांडल्या आहेत. पहिली मालवणला घेतली, सिंधुदुर्ग पाहून परतताना. दोन डोलकाठ्यांचे गुराब, म्हणजे जुने लढाऊ जहाज, नाळेवरून (जहाजाच्या पुढच्या टोकावरून) पुढे रोखलेल्या दोन तोफा. इथून समुद्र गाठायचा तर एक रात्र गाडीत जाते, त्यामुळे माप द्यायला आलेले गिऱ्हाईक विचारतेच, “मास्तर, हे काय काढलंय?”

धंद्याची खोड म्हणा, मी आधी शीड पाहतो. हातकामाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींवरही बऱ्याचदा मशीनचा तीन मिलिमीटरचा टाका असतो. १:१०० च्या मापात तो खऱ्या शिडावर जवळजवळ एक फुटाचा झाला. आमच्या आईच्या गोधडीचा टाकाही एवढा नव्हता! अशी शिडे मी उसवतो आणि हाताने पुन्हा शिवतो. दोऱ्यांचे तर विचारू नका. मे महिन्यात ढिल्या पडतात, पावसाळ्यात आपोआप ताणतात.

मुद्दा असा. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात ‘कौंडिण्य’ हे जहाज दाखल झाले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. शिवलेले जहाज! आणि ते बेतले कशावरून, तर आमच्यापासून तासाभरावर असलेल्या अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. मी वही घेऊन दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेलो. तीन डोलकाठ्या, उभट शिडे, नाळेवर रंगवलेला डोळा, ओळीने ठेवलेले रांजण. उजेड बेताचा आणि मागून गर्दीचा रेटा, पण एवढे वहीत उतरले. बाहेर फर्दापूरच्या फाट्यावर स्फटिकाचे दगड, माळा, बुद्धमूर्ती सगळे मिळते. जहाज मात्र एकाही दुकानात नाही.

मग स्वतःच करायला बसलो. ओळखीच्या सुताराकडून सागवानाच्या पातळ पट्ट्या काढून घेतल्या, बारीक भोके पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवू लागलो. चौथ्याच पट्टीला चर्रकन आवाज आला. भोके काठाच्या फार जवळ पडली होती, दोरा ओढताच लाकूड चिरले. कापडाला दाब, म्हणजे शिवणीबाहेर काठाशी थोडी जागा, सोडतात तसा लाकडालाही सोडावा लागतो, हे मला, चाळीस वर्षे कात्री चालवणाऱ्याला, तेव्हा कळले. आता पट्ट्या रात्रभर भिजवून वाकवतो. अर्धा सांगाडा उभा आहे.

पर्यटन खात्याने सिल्लोड-सोयगावच्या चार-पाच सुतारांना हे काम शिकवावे, जहाज बांधणाऱ्या कारागिरांपैकी कुणाला महिनाभर इकडे बोलवावे आणि लेण्यांच्या पायथ्याशी एक गाळा द्यावा. प्लास्टिकचे साचे नकोत. शिडे मी शिवून देईन, मजुरी नको. टाका मात्र माझ्या मापाचा राहील.

आपला नियमित वाचक,
एक शिंपी, सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर