जेटस्कीवरनं रात्रीच्या मासेमारीला निघालात? सोबत एक होडी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रुपने जेटस्कीवरनं मासेमारीला जायचं, कुठल्यातरी किनाऱ्यावर तंबू ठोकून रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, ह्या नव्या फॅडवर तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. मग त्यावर दोन पत्रंही छापलीत, एकाचं म्हणणं हा सगळा पैशाचा माज आहे बंद करा, दुसऱ्याचं म्हणणं समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे का. मी मढचा, घरात आजोबांच्याही आधीपासनं दर्याच, मी स्वतः नोकरीला लागलो पण सुट्टी मिळाली की गरी आणि तंगूस (गरीचा नायलॉनचा धागा) घेऊन बसतोच, तर मला ह्या दोघांशीही थोडं भांडायचंय. बंदी नको. पण सोबत एक होडी असल्याशिवाय जेटस्कीचा ग्रुप मुक्कामाला सोडूच नये, आणि ती होडी कोळीवाड्यातली असावी, असा सरळ नियमच पाहिजे.

लेखात फोटो सगळे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे. तिकडे लोक हे खरंच करतात, सी-डू कंपनीने तर खास मासेमारीसाठी फिश प्रो नावाची जेटस्की काढलीय, मागे पन्नासेक लिटरचा बर्फाचा डबा, रॉड अडकवायला जागा, समोर पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या फिश फाइंडरचा स्क्रीन, बघून कोणालाही मोह होईल, मलाही झाला. पण अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सूर्य मावळल्यावर जेटस्की चालवायलाच मनाई आहे कारण तिला बोटीसारखे लाल-हिरवे दिवे नसतात, हे लेखात कुठेच नव्हतं. आणि इकडे आमची मंडळी ऑफिस सुटल्यावर निघायचे प्लॅन करतायत.

मुख्य मुद्दा असा की मुंबईचं पाणी वरनं रिकामं दिसतं पण ते रिकामं नाहीये. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, उत्तन, पुढे अर्नाळ्यापर्यंत डोलीची जाळी लागलेली असतात, खुंट रोवलेले, दोऱ्या पाण्याखाली, वर फक्त बोये तरंगतात आणि रात्री कोणीतरी एखादा लुकलुकणारा दिवा बांधला तर बांधला. जेटस्की खालनं पाणी खेचते आणि मागच्या नळीतनं जोरात फेकते, त्या धारेवरच ती वळते, त्यामुळे समोर बोया दिसला आणि घाबरून थ्रॉटल सोडला की हँडल कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. गेल्या सीझनला आमच्या शेजारच्या आळीतल्या एकाच्या जाळ्याची दोरी अशीच एका जेटस्कीच्या आत खेचली गेली. मी बघायला गेलो होतो. निळी नायलॉनची दोरी इम्पेलरच्या (पाणी खेचणाऱ्या आतल्या पंख्याच्या) शाफ्टला इतकी गुंडाळली गेली होती की गरम होऊन वितळली आणि तिचा अक्षरशः दगड झाला, मग एकाने पाण्यात बुडी मारायची, जेटस्कीच्या खाली पाणी खेचायच्या तोंडाला जी जाळी असते तिच्यातनं हात घालायचा, सुरीने एकेक पदर कापायचा, श्वास घ्यायला वर यायचं, परत खाली. हे दिवसा आणि किनाऱ्याजवळ, तरी अर्धी सकाळ गेली. जाळंवाल्याचं नुकसान झालं ते कोणी भरून दिलं नाही ते वेगळंच. दोरीचं सोडा, खाडीच्या तोंडाशी तर नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्याही पुरतात.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. लोक हवामानाचं अ‍ॅप बघतात, पाऊस नाही ना, झालं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा म्हणजे सहाच्या सुमारास, पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा-बारा, दुपारी पण आणि रात्री पण. आता ही ग्रुपवाली मंडळी मुक्कामाला नेमकी पौर्णिमाच निवडतात, का तर चांदणं आणि फोटो. संध्याकाळी सहाला पोचतात तेव्हा पाणी पार आत गेलेलं, छान कडक ओली वाळू, तंबू तिथेच, जेटस्क्या पण तिथेच, आणि बारा वाजता उधाणाचं पाणी सगळ्यांच्या उशाशी. बरं, हे समजून गाड्या वर घेतल्या तर सकाळी सहाला परत ओहोटी, साडेतीनशे-चारशे किलोचं धूड वाळूतनं ओढत पाण्यापर्यंत न्यायचं कोणी? कमी पाण्यात चालू केली तर वाळू आत खेचून पंप खाते, कमरेएवढं पाणी तरी लागतंच. मुक्काम करायचाच तर अष्टमीच्या आसपास करा, भांगाचे दिवस असतात, पाणी फार चढत नाही फार उतरत नाही. फोटोत चंद्र अर्धा येईल, चालतंय. आणि सकाळी दहा-अकराच्या आत परत फिरा, दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, मग अलिबागकडच्या मांडव्याहून येताना प्रत्येक लाट कंबर मोडते.

पेट्रोलचं तर कोणी बोलतच नाही. मोठ्या जेटस्कीची टाकी साधारण सत्तर लिटर, सुसाट सोडली तर तासाला चाळीस-पन्नास लिटर सहज पिते. नियम सोपा आहे, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेल्याला हात लावायचा नाही. पण काहीजणांची समजूत की बंदरावर मिळेल. बंदरावर सोसायटीच्या पंपाला डिझेल मिळतं, आमच्या बोटी डिझेलच्या, पेट्रोल गावातनं रिक्षाने कॅनमध्ये आणायचं आणि जेटस्कीवर कॅन बांधून परत त्याच्याशेजारी चूल पेटवायची, असले प्रकार होतात. सोबत होडी असली की पेट्रोल, बर्फ, पिण्याचं पाणी, तंबू सगळं तिच्यावर, आणि जेटस्कीवर फक्त माणूस आणि गरी.

मासेमारीबद्दल एकच सांगतो. होडीवर शिंगाळा (विषारी काट्यांचा मासा) लागला तर तो फळीवर आपटत राहतो, आपण लांब उभे. जेटस्कीवर तो तुमच्या दोन पायांच्या मधेच आपटणार, त्याचे काटे असे घुसतात की मोठा गडी रडतो. लगेच सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना उतरतात, मग डॉक्टर. आता किनाऱ्यापासून लांब जेटस्कीवर गरम पाणी कुठनं आणणार? लहान रावस, लहान घोळ लागली तर सोडून द्या, राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना कमीत कमी लांबी ठरवून दिलीय, ती फक्त आमच्यासाठी नाही. (एका ग्रुपच्या फोटोत हातात पापलेट होतं, 'रात्री पकडलेलं'. पापलेट गरीला लागत नाही हो, ते जाळ्यातलंच, ससून डॉकला विकत घेतलं असेल.) आणि जून-जुलैत तर हा विषयच काढू नका, १ जून ते ३१ जुलै आमच्या बोटी मासेमारीबंदीत शाकारलेल्या असतात ते काही हौस म्हणून नाही.

आता कोळीवाड्यातलीच होडी का. एकतर जाळी कुठे लागलीयत हे नाखवाला (होडीच्या तांडेलाला) पाठ असतं, गुगलला नाही. दुसरं, २६/११ ला दहशतवादी कफ परेडच्या मच्छीमार नगरला रबरी बोटीतनं उतरले तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती तिथल्या कोळ्यांचीच, आणि त्यानंतर आजपर्यंत आमचा खलाशी ओळखपत्र दाखवल्याशिवाय समुद्रात जात नाही. मग रात्री बिनदिव्याच्या पाच-सहा जेटस्क्या कोणालाही न सांगता किनाऱ्याला लागल्या तर पोलिसांनी आणि गाववाल्यांनी काय समजायचं? १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीवर नेव्हीची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले, पण जे वाचले त्यातल्या कितीतरी जणांना आजूबाजूच्या बोटींनीच पाण्यातनं ओढून काढलं. समुद्रात शेजारी दुसरी बोट असणं ह्याला पर्याय नाही. कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर मोबाइलमध्ये ठेवाच, पण मोबाइल ओला झाला की नंबर पाठ असूनही उपयोग नाही, होडीवर व्हीएचएफ रेडिओ असतो, चॅनल १६ ला हाक मारता येते.

ह्यावर कोणीतरी म्हणेल की मासेमारीच्या बोटीला पर्यटक नेता येत नाहीत. बरोबर आहे, पण होडी माणसं नेणार नाहीये, ती सोबत चालणार आणि रात्री दिवा लावून नांगरलेली राहणार, एवढ्यापुरती परवानगी मेरिटाइम बोर्ड आणि मत्स्य विभागाने काढावी, नावांची यादी जाताना सागरी पोलिसांकडे द्यावी. डिझेल, खलाशांची हजेरी आणि नाखवाच्या रात्रीचे पैसे ग्रुपने द्यायचे, आणि त्यात घासाघीस करू नये, ज्यांच्याकडे काही लाखांची जेटस्की आहे त्यांनी तर नाहीच नाही.

दिवाळीनंतर ह्या ट्रिपा सुरू होतील, त्याच्या आत ह्या दोन खात्यांनी मच्छीमार सोसायट्यांसोबत एकदा बसून घ्यावं. आणि तुम्हालाही एक विनंती, शनिवार-रविवारच्या भरतीच्या वेळा शुक्रवारच्याच अंकात छापा, शनिवारी छापून काही उपयोग नाही, ही मंडळी शुक्रवारी रात्रीच सामान भरतात.

आपला,
एक वाचक, मढ, मुंबई