अंगणवाडीच्या तपासणीत बोलण्याचाही रकाना हवा: अडखळत बोलणाऱ्या लहान मुलांसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी

विषय: सहा वर्षांखालील मुलांचा तोतरेपणा वेळेत ओळखणे आणि त्यावरचा उपचार तालुक्यात उपलब्ध करणे

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासावीत असा नियम आहे. वजन, उंची, डोळे, कान, दात, हृदय हे सगळे त्यात पाहिले जाते. बोलण्यासाठी त्यांच्या यादीत ‘भाषाविकासातील विलंब’ आहे. साडेतीन वर्षांचे मूल “प-प-प-पाणी” म्हणते, पण त्याला शब्द भरपूर येतात, वाक्येही वयाला शोभेशी असतात. अशा मुलापुढे ‘ठीक’ अशीच खूण पडते. त्याची भाषा खरोखरच ठीक असते, आणि त्याला जी अडचण आहे ती विचारणारा रकाना त्या कागदावर कुठेच नसतो.

तोतरेपणा बहुतेक मुलांत दोन ते चार या वयात सुरू होतो. दोन-तीन शब्दांची वाक्ये लांब होऊ लागतात तोच हा काळ. काही मुलांत तो हळूहळू येतो, काहींत एक-दोन दिवसांत, आणि आईवडील घाबरून जातात. शंभरातल्या पाचेक मुलांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांचा तो पुढच्या काही वर्षांत आपोआप जातो. उरलेल्यांचा राहतो. हजार मुलांचा हिशोब मांडला तर पन्नासांना सुरू होतो आणि दहा-बारा जणांच्या सोबतीला तो जन्मभर राहतो. सुरुवातीला एका मुलीमागे साधारण दोन मुलगे असतात. शाळेच्या वयात हे प्रमाण चारावर जाते, कारण मुली जास्त प्रमाणात बऱ्या होतात.

“आपोआप जाईल, लक्ष देऊ नका” हा सल्ला याच आकड्यांवर उभा आहे. पालकांना तो इस्पितळातही मिळतो, शेजारीही मिळतो. मात्र समोर बसलेले मूल त्या चाळीसांतले की दहांतले, हे पहिल्या भेटीत कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. अंदाज बांधता येतो. मूल मुलगा आहे, घरात काका-मामाचा किंवा वडिलांचा तोतरेपणा मोठेपणीही टिकला आहे, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली आहे, त्रासाला वर्ष होत आले तरी तो उतरत नाही, सोबत उच्चारही अस्पष्ट आहेत, अशा गोष्टी जितक्या जास्त तितकी वाट पाहण्यात जोखीम जास्त. जोखीम कमी असलेल्या तीन वर्षांच्या मुलासाठी काही महिने थांबणे योग्यच आहे. पण ते थांबणे नोंद ठेवून, पुढची तारीख देऊन व्हायला हवे. आज ‘थांबा’ म्हणजे ‘जा’ असा अर्थ होतो, आणि ते मूल परत दिसते ते चौथी-पाचवीत. तोवर त्याने वर्गात हात वर करणे सोडलेले असते.

‘लक्ष देऊ नका’ या सल्ल्याचे मूळ जुने आहे. गेल्या शतकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांनी असा सिद्धांत मांडला की मुलाच्या साध्या अडखळण्याला आईवडील तोतरेपणा म्हणतात आणि त्या काळजीतूनच खरा तोतरेपणा जन्मतो. तो सिद्धांत कधीच मागे पडला. आज ठाऊक आहे की बोलण्याच्या हालचाली मेंदू ज्या वेगाने आणि क्रमाने जुळवतो, त्यात या मुलांमध्ये फरक असतो. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, आणि २०१० साली पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंधित काही जनुके सापडलीही. आई रागावली म्हणून, मूल भ्याले म्हणून किंवा दृष्ट लागली म्हणून तोतरेपणा येत नाही. कोकणी, मराठी आणि इंग्रजी एकाच वेळी कानावर पडतात म्हणूनही येत नाही. “घरात फक्त इंग्रजी बोला” हा सल्ला गोव्यात सर्रास दिला जातो. त्याने तोतरेपणा जात नाही, फक्त आजीशी बोलायची भाषा जाते. आपल्या खात्याने हे एवढे एक वाक्य परिपत्रकातून सगळ्या आरोग्य केंद्रांना कळवले तरी मोठे काम होईल.

घरगुती उपायांबद्दल थोडेच. वेखंड उगाळून जिभेवर लावल्याने बोलणे सुटत नाही. त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. जिभेखालचा पडदा कापण्याचाही तोतरेपणाशी संबंध नाही.

आता ओळखण्याविषयी. अडचण शब्दांपासूनच सुरू होते. आपल्याकडे ‘बोबडे’ आणि ‘तोतरे’ यांत गल्लत होते. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारे मूल बोबडे. ते तीन-चार वर्षांपर्यंत चालते. अडखळण्याचेही दोन प्रकार. “मला मला मला चेंडू”, “म्हणजे... ते... आमची मांजर” असे पूर्ण शब्द परत म्हणणे, मध्येच थांबून वाक्य बदलणे, हे भाषा शिकणारे प्रत्येक मूल करते. तोतरेपणात शब्दाचा तुकडा परत येतो: “आ-आ-आ-आई”. किंवा आवाज ताणला जातो: “स्सस्सस्साखर”. किंवा तोंड तयार होते, ओठ मिटतात, आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा, कारण ऐकायला काहीच येत नाही. बघणाऱ्याला वाटते मूल लाजते आहे.

अंगणवाडी सेविकेने आईला विचारायचे प्रश्न असे असावेत: शब्दाचे पहिले अक्षर परत परत म्हणतो का? अक्षर ताणतो का? बोलायला तोंड उघडतो पण आवाज येत नाही, असे होते का? एकाचे जरी उत्तर ‘हो’ आले तर पुढचे: किती महिने झाले, घरात आणखी कोणाला आहे का, मूल चिडते का, तोंडावर हात ठेवते का, बोलायचे सोडून देते का. कागदावर ‘तोतरा’ लिहू नये, ‘बोलताना अडकणे’ लिहावे; तोतरा ही गावात शिवी आहे. राज्यात १२०० च्या वर अंगणवाड्या आहेत. सेविकांना या कामासाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरते, पण ते ध्वनिचित्रफिती दाखवून द्यायला हवे. छापील व्याख्या वाचून कोणालाही तोतरेपणा ओळखता येत नाही.

दोन गोष्टींनी तपासणारा हमखास फसतो. पहिली म्हणजे चढउतार. तोतरेपणा दोन आठवडे जवळजवळ नाहीसा होतो आणि मग परत येतो. पथक आले त्या दिवशी मूल सरळ बोलले म्हणून नोंद रद्द करू नये; आईने मोबाइलवर घेतलेली दोन मिनिटांची चित्रफीत पुरावा म्हणून स्वीकारावी. दुसरी म्हणजे गाणे. चवथीला घुमट या वाद्याच्या तालावर सगळ्यांबरोबर अख्खी आरती म्हणणारे मूल दुसऱ्या दिवशी स्वतःचे नाव सांगताना अडकते. गाताना आणि एकसुरात म्हणताना बहुतेकांचा तोतरेपणा थांबतो. शिक्षकांना मात्र ते नाटक वाटते: पाढे येतात, प्रार्थना येते, मग हजेरीलाच का अडकतो? कारण तिथे एकट्याने, ठरल्या क्षणी, न बदलता येणारा शब्द उच्चारायचा असतो.

उपचाराचे स्वरूप आपल्याला सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण पदे आणि वेळापत्रक त्यावरूनच ठरते. सहा वर्षांखालील मुलांसाठी सर्वाधिक तपासलेली पद्धत ‘लिडकम’ ही सिडनीत विकसित झाली. तिच्यात उपचार करतात ते आईवडील. तज्ज्ञ त्यांना शिकवतो. आठवड्यातून एकदा पालक आणि मूल दोघेही ४५ ते ६० मिनिटांसाठी येतात. घरी रोज १०-१५ मिनिटे चित्रांचे पुस्तक किंवा खेळ घेऊन बसायचे आणि मूल सरळ बोलेल इतकी छोटी उत्तरे येतील असे बोलणे घडवायचे. सरळ आले की “छान, गुळगुळीत आलं”. कधी “हे गुळगुळीत होतं का रे?” असे त्यालाच विचारायचे. अधूनमधून, क्वचितच, “इथे जरा अडकलं, परत सांगतोस?”. कौतुक पाच वेळा तर अडकल्याचा उल्लेख फार तर एकदा. शिवाय दिवसभराच्या तोतरेपणाला रोज ० ते ९ असा आकडा द्यायचा: ० म्हणजे अजिबात नाही, ९ म्हणजे अतिशय तीव्र. हे आकडेच पुढच्या भेटीचा आधार. आकडा सलग तीन आठवडे ० किंवा १ वर राहिला की दुसरा टप्पा. त्यात भेटींमधले अंतर दोन, चार, आठ, सोळा आठवडे असे वाढवत वर्षभर लक्ष ठेवायचे. पहिल्या टप्प्याला सहसा चार-पाच महिने लागतात, काहींना जास्त.

न्यूझीलंडमधील चाचणीत, जी २००५ साली प्रसिद्ध झाली, नऊ महिन्यांनंतर लिडकम उपचार मिळालेल्या गटात अडकलेल्या अक्षरांचे प्रमाण १.५ टक्के होते, तर तो न मिळालेल्या गटात ३.९ टक्के. दुसरी पद्धत घरातले बोलणे संथ करण्याची: पालकाने स्वतः सावकाश बोलायचे, मुलाचे वाक्य संपल्यावर क्षणभर थांबायचे, प्रश्नांचा मारा कमी करायचा. नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. १८ महिन्यांनंतर लिडकम गटातली सुमारे ७६ टक्के आणि दुसऱ्या गटातली सुमारे ७१ टक्के मुले तोतरे बोलत नव्हती. फरक नगण्य ठरला. यांतली काही मुले एरवीही बरी झाली असती, हे लक्षात घेऊनच हे आकडे वाचावेत. म्हणून अमुकच पद्धत सक्तीची करा असा आमचा आग्रह नाही. दर आठवड्याची भेट आणि पालकाचा सहभाग, या दोन अटी मात्र दोन्हीकडे आहेत.

नेमके तिथेच बिनसते. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांची वेळ मिळाली तर हा उपचार झालाच नाही असे समजावे. मूल एकटे आत आणि आई बाहेर बाकावर, हेही तसेच. मोठ्यांसाठीचे श्वासाचे आणि मोठ्याने वाचायचे व्यायाम चार वर्षांच्या मुलाला दिले जातात. त्याला तर वाचताही येत नाही. घरी “सवकास उलय”, शाळेत “सावकाश बोल” असे दिवसातून वीस वेळा ऐकल्याने मूल सावकाश बोलत नाही, कमी बोलते. उत्साही पालक जेवताना, न्हाताना, दर वाक्याला दुरुस्ती करू लागतात आणि आठवड्याभरात मूल खेळायला बसायलाच नकार देते. आणि सर्वांत जास्त नुकसान होते ते मूल सरळ बोलू लागल्याबरोबर येणे बंद केल्याने. दुसरा टप्पा वगळला की तोतरेपणा परतण्याची शक्यता वाढते, आणि परतल्यावर पालकांचा उपचारावरचा विश्वास उडालेला असतो.

काणकोणहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) ६०-६५ किलोमीटर आहे. वाळपईच्या पलीकडच्या सत्तरीतल्या गावांतूनही एका भेटीत दिवस मोडतो. हॉटेलात पाळीवर जाणारी आई ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला रजा मागू शकत नाही. म्हणून आमची मागणी अशी: तीन भाषा-वाचा उपचारतज्ज्ञ फक्त या वयाच्या मुलांसाठी नेमा. प्रत्येकाने आठवड्यातले चार दिवस चार तालुक्यांत बसावे. तिघांत बाराही तालुके होतात. पाचवा दिवस व्हिडिओवरच्या भेटी, नोंदी आणि अंगणवाडी प्रशिक्षणासाठी. दिवसाला सहा मुले, म्हणजे प्रत्येक तालुक्यात आठवड्याला सहा जागा. सुट्ट्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या भेटी धरून एका तालुक्यात वर्षाला दहा-बारा मुलांचा पहिला टप्पा पूर्ण होईल. सासष्टी आणि बार्देशला हे अपुरे पडेल. तिथे दुसऱ्या वर्षी दिवस वाढवावा लागेल. खोली लहान चालेल, पण दार बंद होणारी हवी, खाली चटई हवी, आणि मराठी-कोकणी चित्रपुस्तके हवीत. आठवड्यातली एक वेळ संध्याकाळी सहानंतरची ठेवावी.

व्हिडिओवरून लिडकम दिल्यास निष्कर्ष दवाखान्याइतकेच येतात, हे ऑस्ट्रेलियातील चाचणीत दिसले आहे. पहिल्या दोन-तीन भेटी प्रत्यक्ष आणि नंतर व्हिडिओवर, अशी सोय ई-संजीवनीसारख्या सरकारी दूरवैद्यकीय व्यवस्थेतून करता येईल. फक्त वेळ ४५ मिनिटांची ठरलेली हवी. वडील तारवटी असतील तर तेही जहाजावरून त्यात सामील होऊ शकतात.

एक कायदेशीर अडसरही आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ म्हणजे स्वरयंत्र काढल्याने किंवा वाचाघातासारख्या कारणाने आलेली कायमची दिव्यांगता. लहान मुलाचा तोतरेपणा त्यात बसत नाही. त्यामुळे उपचाराची कोणतीही सोय दिव्यांगता प्रमाणपत्राशी जोडू नये. जोडली की ही सगळी मुले बाहेर राहतील. २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरवणाऱ्या राज्याला हे समजावून सांगावे लागणार नाही असा आमचा विश्वास आहे.

शेवटची मागणी मोजमापाची. अंगणवाडीत नोंद झालेल्या मुलाची तज्ज्ञाशी पहिली भेट सहा आठवड्यांच्या आत व्हावी. किती मुलांची नोंद झाली, किती आली, किती मध्येच थांबली आणि किती दुसऱ्या टप्प्यात पोहोचली, हे चार आकडे खात्याने दर सहा महिन्यांनी तालुकावार जाहीर करावेत. पुढच्या तपासणीच्या फेरीआधी छापायच्या प्रश्नांचा मराठी आणि कोकणी मसुदा तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
गोव्यात लहान मुलांसोबत काम करणारे भाषा-वाचा उपचारतज्ज्ञ