मैफलीच्या लाइव्हमध्ये ऑटो गेन बंद ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी दादरच्या एका हॉलमधली मैफल घरीच मोबाइलवर लाइव्ह ऐकली, आईला आता जिने उतरवत नाहीत म्हणून. गाणाऱ्या बाई आलाप घेऊन थांबल्या की तानपुरा हळूहळू फुगत जायचा, मागोमाग पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला अगदी कानाशी, आणि बाईंनी परत सा लावला की सगळं धाडकन दबायचं. आईने विचारलं, तानपुरा एवढा जोरात कोण वाजवतंय रे?

कोणीच नाही, हे ऑटो गेन कंट्रोल. आवाज बारीक झाला की गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, आपोआप वर, मोठा झाला की खाली. मीटिंगला ठीक आहे पण गाण्यातली शांतता त्याला कळत नाही.

मी घरी कीर्तनाच्या रेकॉर्डिंग साफ करतो, रेल्वे लाइन खिडकीशीच, त्यामुळे एक्स्पांडर लागतोच. तो उलटं करतो, थ्रेशोल्ड म्हणजे आपण ठरवलेल्या पातळीच्या खालचा आवाज आणखी खाली नेतो, रेशो 2:1 ठेवला तर थ्रेशोल्डच्या 10 डेसिबल खालचा आवाज थ्रेशोल्डच्या 20 डेसिबल खाली जातो. पण रिलीज, म्हणजे आवाज दाबायला तो घेतो तो वेळ, फार कमी ठेवला तर मींडेचं, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्याचं, शेपूटच कापलं जातं, मी 300 मिलिसेकंदापासून सुरुवात करून कानाने ठरवतो. आणि ऑटो गेन व एक्स्पांडर दोन्ही लावायचेच असतील तर एक्स्पांडर आधी, नाहीतर ऑटो गेन पंख्याच्या आवाजालाच थ्रेशोल्डच्या वर नेतो.

आयोजकांना कळकळीची विनंती, लाइव्हला ऑटो गेन बंद करा, झूम असेल तर त्यातलं ओरिजिनल साउंड हे सेटिंग चालू करा आणि लेव्हल सांभाळायला मिक्सरवर माणूस बसवा.

एक श्रोता, दादर