आई, आमच्या वेळी तुझं बीपी वाढलं होतं का?

ती. आई-बाबा,
सा. न.

धाकटीला अकरावा आठवडा लागलाय. फोनवर सांगितलेलं विसरायला होतं, म्हणून लिहितेय. कागद तिच्या फाईलला लावा.

आई, आम्हा दोघींच्या वेळी तुझं बीपी वाढलं होतं का? लघवीत प्रथिनं, झटके, त्यापायी दिवस भरायच्या आत बाळंतपण करावं लागणं, असं काही? आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याचा ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ हा आजार, झाला असेल, तर मुलीलाही धोका जास्त. नुसती पायांची सूज धरू नकोस, ती बहुतेकींना येते. जावयांच्या आईंनाही विचार. वार, म्हणजे प्लासेंटा, बाळाबरोबर तयार होते, त्यामुळे तिच्यात बापाकडचाही वाटा असतो.

धाकटीच्या खात्यात दोन गोष्टी आधीच जमा आहेत: वय 36 आणि पहिलंच बाळंतपण. वजन खूप जास्त असणं, मागच्या बाळंतपणाला दहा वर्षं उलटलेली असणं, हेही याच मध्यम धोक्याच्या गटातलं. यातल्या दोन जमल्या की डॉक्टर कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनचा विचार करतात. आधीपासूनचं बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुळी किंवा मागच्या खेपेला हाच त्रास, यातलं एकच पुरतं. गोळी रोज 75 ते 150 मिलिग्रॅमची, बारा आठवड्यांनंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू. त्या सुमारास गर्भाशयातल्या नागमोडी रक्तवाहिन्या वारेसाठी रुंद होत असतात. ते काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं, आणि तिच्यातून सुटणारे पदार्थ आईच्या रक्तवाहिन्या बिघडवतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढतं ते यातून. मात्र मनाने गोळी चालू करायची नाही.

बाबा, तुम्ही सगळं टेन्शनवर ढकलता. गरिबी, कमी शिक्षण, दवाखाना लांब असणं ही कारणं यादीत असतात, पण माझ्या मते त्यांचा मोठा भाग उशिराचा आहे. सुट्टी घेतली की पैसे कापले जाणारी बाई पहिल्यांदा तपासायला जाते तीच पाचव्या महिन्यात. गरोदरपणात बीपी आधी उतरतं आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात खाली असतं. जुनं बीपी असलेल्या बाईचंही त्या दिवशी 124/78 भरतं, केसपेपरवर ‘नॉर्मल’ पडतं. आठव्या महिन्यात 146/94 आलं की जुनं कुठलं, नवं कुठलं हे सांगता येत नाही, आणि गोळीची वेळ टळून गेलेली असते. आहारात कॅल्शियम कमी पडणं हाही गरिबीचाच एक रस्ता. जिथे ते कमी पडतं, तिथे गरोदर बाईला दिवसाला दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम देतात.

मोजायचं काम तुमच्याकडे, बाबा. आधी तिच्या दंडाचा घेर मोजा. 32 सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा आणा, लहान पट्टा आकडा फुगवतो. लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं स्वस्थ बसू दे. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला. आणि तोवर तुम्ही तिच्याशी बोलायचं नाही! मिनिटभराने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा. वरचा 140 किंवा खालचा 90, एक जरी गाठला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 160 किंवा 110 दिसलं तर थेट दवाखाना. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं, यातलं काही झालं तर आकडा चांगला असला तरी न्या.

हे टाळायला म्हणून तिचं मीठ तोडू नका, दिवसभर झोपवूनही ठेवू नका. दोन्हींचा उपयोग नाही.

बाळंतपण झालं की यंत्र कपाटात जातं, तसं करू नका. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढू शकतं, आणि हा आजार सहा आठवड्यांपर्यंत गाठू शकतो.

आई, तुझं उत्तर पुढच्या तपासणीआधी फाईलच्या पहिल्या पानावर लिही. आठवत नसेल, तर ‘आठवत नाही’ असंच लिही.

तुमची,
थोरली