लाघवी माणसांविषयी, चि. बाळास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या त्या सहकाऱ्याबद्दल बोललास, ते अजून डोक्यात घोळतंय. तो आला की सगळे त्याच्याकडे वळतात, कुणाशी काय बोलावं हे त्याला आपोआप कळतं, तो नकारही असा देतो की समोरचा आभार मानून निघतो. आणि शेवटी तू म्हणालास, "आई, माझ्यात ते नाहीच." तेव्हा मी विषय बदलला, कारण याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं.

अशी सफाई जन्मजात असते असं तुला वाटतंय. ती कमावता येते, हे जगाला फार आधीपासून माहीत आहे. इटलीतल्या बाल्दास्सारे कास्तिल्योने याने १५२८ मध्ये दरबारी माणसाने कसं वागावं यावर अख्खा ग्रंथ छापला. त्याचा मुख्य आग्रह हा, की मेहनत घ्यावी पण ती दिसू देऊ नये, सारं सहज घडल्यासारखं वाटावं. तुझ्या सहकाऱ्याची सहजताही बहुधा अशीच घडवलेली असेल. त्यात लबाडी नाही. गायकाचा रियाजही मैफलीत दिसत नाही.

पण ही सफाई कशासाठी कमवायची, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लॉर्ड चेस्टरफील्ड नावाचा इंग्रज मुत्सद्दी अठराव्या शतकात होऊन गेला. मुलगा चारचौघांत चमकावा म्हणून त्याने फिलिपला लहानपणापासून शेकडो पत्रं लिहिली. कसं उभं राहावं, कसं बोलावं, मोठ्याने हसणं का टाळावं, लोकांना आपलंसं कसं करावं, सगळं त्यांत आहे. फिलिप भरपूर शिकला, पण माणसांत अवघडलेलाच राहिला. १७६८ मध्ये, ३६ वर्षांचा असताना तो वारला, आणि मगच बापाला कळलं की त्याने गुपचूप लग्न केलं होतं, दोन मुलंही होती. ती पत्रं पुढे १७७४ मध्ये फिलिपच्या विधवेने, युजीनियाने, छापायला दिली.

हे वाचलं तेव्हा मी फार अस्वस्थ झाले. लोकांची मनं जिंकण्याचे इतके धडे दिले, आणि पोराला स्वतःच्या संसाराची गोष्ट बापाजवळ बोलता आली नाही. पण त्याच म्हाताऱ्याने, सारं कळल्यावर, नातवांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्याची खरी सभ्यता मला या एका कृतीत दिसते. त्या शेकडो पत्रांतल्या युक्त्यांपेक्षा मला ती मोठी वाटते.

म्हणून कुणी फार गोड वागलं की भारावून जाऊ नकोस आणि लगेच संशयही घेऊ नकोस. जरा थांबून बघ. ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही त्याच्याशी तो कसा बोलतो? त्याच्या मनाविरुद्ध झालं की आवाजातला गोडवा टिकतो का? पाठीमागे तो तुमच्यातल्या दुबळ्या माणसाबद्दल काय बोलतो? तुझा सहकारी यात खरा उतरला तर त्याच्याकडून जरूर शीक. गोडबोल्या माणसाला भेटून आलं की तोच किती छान होता हे आठवत राहतं. मनापासून लाघवी असलेल्या माणसाला भेटून आलं की आपणच थोडे बरे झाल्यासारखं वाटतं. मी आयुष्यभर माणसं अशीच ओळखत आले.

आता तुझ्या अवघडलेपणाबद्दल. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी जेमतेम २०० मिलीसेकंद लागतात. २००९ मध्ये दहा भाषांचा अभ्यास झाला, तेव्हा सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आढळलं. आणि एक शब्द उच्चारायची तयारी करायलाच साधारण ६०० मिलीसेकंद जातात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण सगळेच उत्तर जुळवत असतो. बुजरा माणूस तर त्यातच अडकून पडतो, आणि ऐकायचं राहून जातं. तू लहानपणापासून हेच करतोस. उत्तर क्षणभर उशिरा दे, काही बिघडत नाही. समोरच्याचं शेवटचं वाक्य पूर्ण ऐक आणि त्यातलंच काहीतरी विचार. एवढं जमलं तरी लोकांना तुझ्याजवळ बसावंसं वाटेल.

हसू मात्र ओढूनताणून आणू नकोस. फ्रेंच डॉक्टर द्युशेन याने १८६२ मध्येच दाखवलं होतं की मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो. त्या स्नायूला हुकूम देणं बहुतेकांना कठीण जातं.

आणि नाही म्हणायची वेळ आली तर खरं कारण थोडक्यात सांगून मोकळा हो. तिथे गोडवा लावत बसलास तर समोरचा आशेवर राहतो, आणि ते मला क्रूर वाटतं.

त्या सहकाऱ्याशी एकदा निवांत बोल. हे सगळं जमवायला त्याला काय काय करावं लागलं ते विचार. मला वाटतं, तो खुशीने सांगेल. काय म्हणाला ते मला कळव.

तुझी,
आई