सहलीतला मोबाइल गटाचा असावा

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचे दिवस येतात आणि पालकसभेत मुलांनी मोबाइल न्यायचा की नाही, हा प्रश्नही ठरल्याप्रमाणे येतो. काही शाळा सरसकट बंदी घालतात, काही सरसकट मोकळीक देतात. जळगावहून अजिंठ्याला मुलांना घेऊन जाणारी इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हे दोन्ही निर्णय अपुरे वाटतात. बंदी असली की मुले रांगेने आत जातात आणि रांगेनेच बाहेर येतात. मोकळीक असली की प्रत्येक जण स्वतःचा चेहरा टिपण्यात गुंततो. पाच-सहा मुलांच्या गटामागे एक फोन आणि त्या फोनला नेमून दिलेले काम, हा तिसरा मार्ग आहे आणि तो गांभीर्याने अवलंबावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात कोरलेली आणि १९८३ पासून जागतिक वारसा म्हणून नोंदलेली ही लेणी मुळात मोठ्या जमावाने पाहण्यासारखी नाहीत. चित्रे जपण्यासाठी आत उजेड मंद ठेवलेला असतो, थांबायला वेळ थोडा मिळतो, आवाज घुमतो. चाळीस मुलांचा वर्ग आत शिरला की पुढच्या दहांना भिंत दिसते आणि बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी. गाइड कितीही जीव तोडून सांगत असला तरी मागच्या मुलांपर्यंत त्याचे शब्द तुटक पोहोचतात आणि ती कंटाळून दाराकडे सरकतात. यात मुलांचा दोष नाही. त्यांना काय पाहायचे आहे, हे आत जाण्यापूर्वी कुणी सांगितलेलेच नसते.

सतराव्या लेण्याचे उदाहरण घेते. तिथल्या उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा फार विस्ताराने रंगवली आहे. जहाज फुटून बेटाला लागलेले व्यापारी, त्यांना भुलवणाऱ्या राक्षसिणी, सिंहलाला पाठीवर घेऊन सुटका करणारा पांढरा घोडा आणि शेवटी सैन्यासह बेटावर चालून जाणारा सिंहल, असे एकाहून एक चित्तथरारक प्रसंग त्यात आहेत. परंतु ते पुस्तकाच्या पानासारखे एका सरळ ओळीत येत नाहीत, त्यामुळे कथा ठाऊक नसलेल्याला ती भिंत म्हणजे नुसती माणसांची दाटी वाटते. हीच कथा तीन-चार मिनिटांच्या ध्वनिफितीत मुलांनी बसमध्ये ऐकलेली असेल आणि गटाच्या फोनवर त्या भिंतीचे प्रसंगांना क्रमांक दिलेले रेखाचित्र असेल, तर मुले आत जाताच घोडा शोधू लागतात. एकाला तो सापडला की तो दुसऱ्याला दाखवतो, तिसरा म्हणतो की हा नव्हे, तो वरचा. चित्र पाहणे इथे खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि गटाने पाहण्याचा फायदाही याच बोलण्यात आहे.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी आणि वज्रपाणी या बोधिसत्त्वांच्या प्रसिद्ध चित्रांपुढे गर्दी होणे स्वाभाविकच आहे. मात्र तिथेच एका खांबाच्या शीर्षावर चार हरणे कोरली आहेत आणि त्या चौघांना मिळून डोके एकच आहे. एकेका धडावर नजर ठेवून पाहिले तर प्रत्येक वेळी ते डोके त्याच हरणाचे वाटते. मान वर करून सगळ्या वर्गाला हे दाखवणे अवघड जाते. गटातल्या एकाने फ्लॅशशिवाय एक छायाचित्र घेतले आणि बाहेर झाडाखाली बसून बोटाने तीन धडे झाकून पाहिले, की शिल्पकाराची युक्ती सर्वांना उलगडते. त्यासाठी लागणारा फोन साधा असला तरी चालतो आणि त्या क्षणी नेटवर्कचीही गरज नसते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण डोंगराच्या कुशीत नेटवर्कच्या भरवशावर कोणतीही योजना आखणे शहाणपणाचे नाही. जे ऐकायचे, पाहायचे ते शाळेतच फोनमध्ये उतरवून घेतलेले बरे.

काही पथ्ये मात्र काटेकोरपणे पाळावी लागतील. माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर काढलेली ही सुमारे दीड ते दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रे आहेत. फ्लॅशला तिथे मनाई आहेच. मोबाइलची विजेरी भिंतीवर रोखणेही तितकेच गैर आहे आणि हे मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगायला हवे. लेण्यात मोठ्या आवाजात ध्वनिफीत लावू नये, कारण शेजारच्या गटाचा तो अपमान आहे. प्रत्येकाच्या कानात इअरफोन घालून देण्याचा पर्यायही मला पटत नाही. चाळीस मुले चाळीस निरनिराळ्या वाक्यांवर असतील, तर त्यांना एकत्र आणले कशाला? ऐकणे बसमध्ये किंवा बाहेरच्या वाटेवर व्हावे, आत फक्त पाहावे आणि हळू आवाजात बोलावे.

सव्विसाव्या लेण्यातल्या बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या, म्हणजे देहत्यागाच्या शिल्पापुढे तर फोन खिशातच राहू द्यावा. सुमारे सात मीटर लांबीची ती पहुडलेली मूर्ती, खाली शोकाकुल शिष्य आणि वर आनंदाने स्वागत करणारे देवगण, यांच्यापुढे मुलांना दोन मिनिटे गप्प उभे राहू द्यावे.

मोबाइल आला म्हणून स्थानिक गाइडची गरज संपत नाही, उलट वाढते. कथा आधीच ऐकून आलेली मुले त्याला नेमके प्रश्न विचारतात, आणि चांगल्या गाइडला याहून दुसरे काय हवे असते? ज्येष्ठ नागरिकांच्या आणि महिला बचत गटांच्या सहलींनाही हे सारे लागू आहे. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत आणि डोलीचा खर्चही परवडत नाही, असे एक-दोघे प्रत्येक गटात असतात आणि ते खालीच बसून राहतात. वर गेलेल्यांनी ठरवून त्यांच्यासाठी छायाचित्रे आणि आपल्या आवाजातले वर्णन टिपून आणले, तर त्यांचाही दिवस वाया जात नाही.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचा पर्यटन विभाग यांच्याकडे माझी मागणी मोठी नाही. तिकिटासाठी प्रवेशद्वाराशी क्यूआर कोड लावता येतो, तर तशाच एका कोडवरून प्रमुख लेण्यांची मराठी माहिती विनामूल्य उतरवून घेण्याची सोय करता येईल. प्रत्येकी तीन मिनिटांची, अभ्यासकांकडून तपासून घेतलेली ध्वनिफीत आणि एक रेखाचित्र, एवढे पुरेसे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मराठीतून ध्वनिमार्गदर्शक मिळतो, म्हणजे हे काम आपल्याला अपरिचित नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटवर लेण्यांकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत पर्यटक थांबतातच. तिथे मोफत वायफाय दिल्यास घरून तयारी न करता आलेल्यांचीही सोय होईल. शाळांनी तर त्यासाठी थांबूही नये. मराठी, इतिहास आणि चित्रकला या विषयांचे शिक्षक एकत्र बसले, तर अशा ध्वनिफिती नववीच्या मुलांच्याच आवाजात तयार करून घेता येतील आणि त्या शेजारच्या शाळांनाही देता येतील. डिसेंबरच्या सहलींपूर्वी निदान पहिल्या, सतराव्या आणि सव्विसाव्या लेण्यांपुरते हे काम कोणत्याही शाळेला पूर्ण करता येण्यासारखे आहे.

आपली विश्वासू,
एक इतिहास शिक्षिका, जळगाव